साक्षीदाराची खुर्ची

आमच्या दवाखान्यात रोग्याला स्टूल आणि साक्षीदाराला खुर्ची. ही पद्धत माझ्या वडिलांनी, आबांनी, पाडली आणि ती आजही चालू आहे. खुर्ची चांगली हातांची, वेताची, पाठीला उशी. स्टूल साधं लाकडी. पहिल्यांदा येणाऱ्या रोग्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. एका लोहाराने तर तोंडावर विचारलं होतं, "आजारी मी आणि खुर्ची बायकोला?"

"तुम्ही पडलात तेव्हा काय काय झालं ते सांगा," आबा म्हणाले, "मग खुर्ची तुमची."

लोहार बोलायला गेला आणि थांबला. आपण घण उचलत होतो, आणि मग आपण जमिनीवर होतो आणि सगळे वाकून बघत होते, एवढंच त्याला ठाऊक होतं. मधलं त्याच्याकडे काही नव्हतं. मधलं सगळं त्याच्या बायकोकडे होतं, आणि ती पाऊण तास बोलली. तेव्हापासून तो येताना स्वतःच स्टूल ओढून बसायचा.

लोक ह्या आजाराला फेफरं म्हणतात, आकडी म्हणतात, काही घरांत तर नावच घेत नाहीत. आबा अपस्मार म्हणत, म्हणजे आठवण निघून जाणं. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याची आठवण गेली त्याला विचारून काय उपयोग? ती हरवलेली मिनिटं ज्याने पाहिली त्याच्याजवळ असतात. ती त्याच्याकडून मागून घ्यायची आणि वहीत नीट लिहून ठेवायची. औषध त्यानंतर.

सात प्रश्न ठरलेले होते. पडण्याआधी काय करत होता, ओरडला का, आधी कोणता अवयव हलला, तोंड कुठल्या बाजूला वळलं, फेसाचा रंग कोणता, किती श्वास गेले, आणि शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द काय बोलला. आठवा प्रश्न आबा स्वतःचं रक्त आटवायला विचारत, "आणि तुम्ही काय केलंत?" बहुतेक जण छाती फुगवून सांगत की दातांत चमचा घातला. मग आबांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि मोजायचं. हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही.

मोजायचे ते श्वास रोग्याचे नाहीत, आपले. आबांच्या खिशात घड्याळ असायचं, पण ते म्हणत, घड्याळाकडे बघणारा माणूस रोग्याकडे बघत नाही. स्वतःचे श्वास मोजणारा मात्र बघतही राहतो आणि घाबरतही नाही. दादाला आणि मला त्यांनी हे लहानपणीच शिकवलं. पोटावर हात ठेवून, एकसारखा श्वास घेत, मनात आकडा. दुसऱ्यांची मुलं पाढे म्हणायची तेव्हा आम्ही भावंडं भिंतीला टेकून श्वास मोजत बसायचो. आजही माझ्यासमोर काही सांडलं, फुटलं, कोणी पडलं की माझा हात आधी पोटावर जातो.

आता आबांच्या गादीवर दादा बसतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आबांनंतरचा वैद्य. मी मागच्या खोलीत औषधं करते. कुटणं, चाळणं, तूप सिद्ध करणं, बरण्यांवर चिठ्ठ्या लावणं. चाळीस वर्षं करते आहे. गादी मला का मिळाली नाही, हे कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. एकदा बसायच्या खोलीतच एक बाई झटका येऊन पडली. दादा धावला, तिला कुशीवर वळवलं, पाणी आणायला ओरडला. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. आबांनी नंतर दोघांना विचारलं, किती? दादाला सांगता येईना. मी म्हटलं, बावन्न, आणि उजवा पाय आधी. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि गादी दादाला दिली. राग आहे का? आहे. पण दादाचा हात रोग्याच्या खांद्यावर पडला की रोग्याची निम्मी भीती जाते, हेही मी पाहिलं आहे, आणि पाहिलेलं नाकारायची सवय मला नाही.

आमच्या पद्धतीत ह्या आजाराचे चार प्रकार. वाताचा झटका अचानक येतो आणि लवकर उतरतो. पित्ताच्या झटक्यात फेस पिवळट, अंग गरम, उठल्यावर तहान. कफाचा हळू येतो, फेस पांढरा, अंग गार, आणि शुद्धीवर यायला फार वेळ. तिन्ही एकत्र आले तर तो बरा होणारा नाही, असं जुने वैद्यही स्पष्ट सांगून गेले आहेत. प्रकार ओळखायचा, मग आधी शरीर साफ करायचं. वातासाठी बस्ती, पित्तासाठी रेचक, कफासाठी वमन. त्यानंतर ब्राह्मीचं तूप, नाकात औषधी तेलाचे थेंब, वेळेवर झोप, आणि घरच्यांचं गोड बोलणं. हे शेवटचं आबा औषधाच्या चिठ्ठीवर लिहूनच द्यायचे. शिवाय तीन गोष्टींपासून लांब राहायचं, पाणी, आग आणि उंची. लोहाराला भट्टी सोडायला लावली तेव्हा तो वर्षभर आबांवर धुमसत होता. मग एकदा कानशीने कुलपं घासता घासता पडला, कपाळाला टेंगूळ आलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन गप्पपणे आबांच्या पाया पडला.

आणि जुनं तूप. निदान दहा वर्षं मडक्यात मुरलेलं, लाखेच्या रंगाचं. त्याच्या वासाबद्दल काय सांगावं. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, "वन्सं, कोपऱ्यात काहीतरी मेलंय बहुतेक." मी म्हटलं, वहिनी, मेलेलं नाही, ते तुमच्या सासऱ्यांपेक्षा जास्त जपलेलं आहे. प्रत्येक पिढीने तूप मुरत टाकायचं ते पुढच्या पिढीसाठी. आज दादा वापरतो ते आबांनी टाकलेलं, आणि आज मी टाकते ते दादासाठी नाहीच.

ह्या सगळ्याने सगळे बरे झाले का? नाही. आबांच्या वह्यांत तेही लिहिलेलं आहे. कुणाच्या पानावर "झटके निम्म्यावर", कुणाच्या पानावर "तीन वर्षं शांत", आणि कितीतरी पानांवर "आराम नाही." त्याच शाईने, त्याच आकाराच्या अक्षरात. बाजारात हमखास गुण येण्याच्या पाट्या लावणारे पुष्कळ आहेत. आमच्या घराचा तोरा वेगळा आहे. आमच्या कपाटात आमच्या अपयशांचीही वही आहे, आणि ती कोणीही उघडून बघावी.

असं हे घर. आणि ह्याच घरात दोन वर्षं एक पान कोरं राहिलं.

दादाची एकुलती एक मुलगी. मी तिला लवंगी म्हणते, कारण अंगाने बारीक आणि जिभेने तिखट. आता सगळेच तसं म्हणतात. आबांची वह्या वाचायची खोड तिच्यात उतरली आहे. सतरा वर्षांची असताना एका दुपारी ती माझ्याजवळ बसून चूर्ण चाळत होती. मधाची बरणी शेजारी उघडी होती. डाव्या हाताचा अंगठा ती पुन्हापुन्हा कपड्याला पुसायला लागली. "आत्या, मध लागलाय, जातच नाही," म्हणाली. मी बघितलं तर अंगठा कोरडा होता. मग तो आत मुडपला, मग मूठ, मग कोपर, मग मान डावीकडे वळली आणि पोरगी चाळणीवर पडली.

माझा हात पोटावर गेला. तिला कुशीवर वळवलं, चाळणी दूर ढकलली आणि मोजलं. अडतीस.

दादा आला तोपर्यंत ती झोपेत होती. मी म्हटलं, "दादा, हा अपस्मार आहे."

"उपाशी होती. चक्कर आली."

"अंगठ्यापासून सुरू झालं. मी पाहिलंय."

"मी सांगतो ना, चक्कर आहे म्हणून," दादा म्हणाला. त्याने कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावोगावची माणसं ज्याच्याकडे हाच आजार घेऊन येतात, त्याच्याच घरात तो निघाला तर लोक काय म्हणतील, पोरीचं पुढे काय होईल, हे सगळं त्याच्या कपाळावर मला वाचता येत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्याखाली नुसती भीती होती, बापाची. दुसऱ्या महिन्यात ती जिन्यात पडली. दादा तिच्या मागेच होता. मी औषधाच्या खोलीतून धावत आले तेव्हा त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, कुशीवर वळवलं होतं, सगळं बरोबर केलं होतं. फक्त त्याचं स्वतःचं तोंड भिंतीकडे होतं. इतक्या वर्षांत दादाने रोग्यावरून नजर काढलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

लवंगी जागी झाली आणि तिने प्रश्न विचारला. पहिल्या झटक्यानंतर तिने मला विचारला होता, तोच. "आत्या, किती?"

"ह्या वेळी मला नाही माहीत गं. मी उशिरा आले. तुझ्या बाबांना विचार."

तिने बापाकडे पाहिलं. दादा उठला आणि म्हणाला, "चक्कर होती. चक्कर कोण मोजतं?"

मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. पण त्याहून जास्त काही केलंही नाही, हे कबूल करते. घरातल्या वैद्याच्या शब्दापुढे जाऊन पोरीला दुसरीकडे न्यायची माझी हिंमत झाली नाही. भित्री होते. एकच केलं. शाळेची दोनशे पानी वही आणली, आबांच्या पद्धतीने रकाने आखले आणि लवंगीचा प्रत्येक झटका लिहीत गेले. आधी काय करत होती, आदल्या रात्री किती झोपली, अंगठा, मूठ, मान, फेस, श्वास, पहिला शब्द. पहिला शब्द प्रत्येक वेळी "किती" हाच असायचा. दोन वर्षांत अकरा नोंदी झाल्या. जिन्यातल्या नोंदीत श्वासांचा रकाना रिकामा होता. दादा तिला दूध, खजूर आणि शक्तीचं औषध देत राहिला, आणि मी वही पिठाच्या डब्यामागे ठेवत राहिले.

बारावा झटका कॉलेजात आला. लवंगी वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला गेली होती. तोंडी परीक्षेला नाव पुकारलं, ती उठली आणि बाकांच्या मधे पडली. वर्गातल्या कुणाला काय बघायचं ते माहीत नव्हतं. पोरी म्हणाल्या, नाटक आहे, अभ्यास झाला नव्हता. प्राचार्यांचं पत्र आलं. पंधरा दिवसांत मेंदूच्या तज्ज्ञाचा दाखला आणा, नेमकं काय आहे ते त्यात लिहिलेलं हवं. तोवर वर्गात बसू नये. परीक्षेत मुद्दाम अडथळा आणल्याचं निघालं तर नाव कमी होईल.

लवंगीने पत्र दोनदा वाचलं. एरवी तिने प्राचार्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. ती फक्त म्हणाली, "आत्या, मला फेफरं आहे ह्याचं काही नाही गं. पण मी खोटारडी आहे असं लिहून मला घरी पाठवतील." आणि रडली. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. दादा दारात उभा होता, त्याने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः हॉस्पिटलात जाऊन वेळ घेऊन आला.

आम्ही तिघं गेलो. वही माझ्या पिशवीत होती, घेताना कुणाला सांगितलं नाही. लांब पांढरा बोळ, भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येक दारावर आकडा. लवंगीच्या डोक्याला वायरी लावल्या आणि अर्धा तास यंत्राने कागदावर रेघा काढल्या. मग डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर म्हणजे माझ्याच वयाच्या बाई, चष्मा डोक्यावर, बोलणं तुटक. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

"रेघा स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या.

लवंगीचा चेहरा उतरला. मला कळलं तिच्या मनात काय आलं. स्वच्छ म्हणजे काही नाही, काही नाही म्हणजे नाटक.

"ह्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "झटका येतो दोन-तीन मिनिटं. माझ्या यंत्राने पाहिला अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात तिला काही झालं नाही. नुसत्या ह्या कागदावर मी दाखला देऊ शकत नाही. मला सांगा, हिला पडताना कुणी पाहिलंय?"

आणि त्यांनी टेबलासमोरची खुर्ची पुढे सरकवली. लवंगी बाजूला तपासायच्या पलंगाच्या कडेवर बसली होती. आबा असते तर हसले असते.

दादा त्या खुर्चीत बसला.

"सुरुवात कुठून होते?" डॉक्टरांनी विचारलं. "हात, पाय, तोंड?"

"चक्कर आल्यासारखं... डोळ्यांपुढे अंधारी येते तिच्या."

"ते तिला वाटतं. तुम्हाला काय दिसलं? मान कुठे वळते?"

दादाने टेबलावरचा रेघांचा कागद उगीच सरळ केला.

"किती वेळ चालतं?"

कान सोनारानेच टोचावे लागतात म्हणतात, पण टोचताना बघणं सोपं नसतं. उभा जन्म हेच प्रश्न विचारलेला माणूस त्यांच्यासमोर शाळकरी पोरासारखा खाली मान घालून बसला होता. मला वाटलं होतं अशा वेळी मला बरं वाटेल. नाही वाटलं. मी पिशवीतल्या वहीवर हात ठेवला, पण काढली नाही. त्याच्या देखत, त्याच्या वरताण, मला ती काढवेना.

मग दादाने मान वर केली. "डॉक्टर, मी वैद्य आहे. ह्याच आजाराचा. मी तिथे होतो, दोन-तीनदा होतो. पण मी पाहिलं नाही. मला बघायचं नव्हतं." तो खुर्चीतून उठला आणि माझ्याकडे वळला. "तू बस. तू पाहिलंयस. आणि लिहिलंही असशील, मला ठाऊक आहे."

मी बसले. वही टेबलावर ठेवली. तिला पिठाचा वास येत होता.

डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "अंगठा. डावा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पान उलटलं. "डावा. डावा. हे 'मध' काय आहे?"

"तिला अंगठ्यावर काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं," मी म्हटलं. "पुसत राहते. तेवढं तिलाही आठवतं. त्यानंतर सहा-सात श्वासांत मूठ वळते, मग कोपर, मग मान डावीकडे. ह्या क्रमात कधी फरक नाही. आणि अकरापैकी आठ वेळा आदल्या रात्री ती चार तासांपेक्षा कमी झोपली होती."

"श्वास? कुणाचे?"

"माझे."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. "मोजा."

मी पोटावर हात ठेवला आणि मोजायला लागले. एक मिनिट झाल्यावर त्यांनी बोट वर केलं. पंधरा. त्यांनी आणखी एकदा लावलं, मधेच फोन वाजू दिला, दार उघडून नर्स आत आली तिच्याशी मोठ्याने बोलल्या. पंधरा. तिसऱ्यांदा त्यांनी लावलं नाही.

"म्हणजे अडतीस श्वास म्हणजे अडीच मिनिटं," डॉक्टर म्हणाल्या. "कुठे शिकलात हे?"

"वडिलांकडे. ते आमच्या घरातले वैद्य होते." मग मला राहवलं नाही. "आणि हे माझे भाऊ, त्यांच्या गादीवरचे. आम्ही दोघं बरोबरच शिकलो."

डॉक्टर म्हणाल्या की माझ्याकडे रोज नातेवाईक येतात आणि 'एकदम पडला हो' ह्यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही. हे इतकं नीट लिहिलेलं मी क्वचित पाहिलं आहे. त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते. दर वेळी डाव्या अंगठ्यापासून सुरुवात, म्हणजे उजवीकडे एका ठरावीक जागी काहीतरी आहे. त्यांनी लवंगीला पुढच्या आठवड्यात कमी झोपेवर बोलावलं आणि उजव्या बाजूला जास्त वायरी लावल्या. ह्या वेळी रेघा स्वच्छ नव्हत्या. उजवीकडे, जिथे त्यांनी बोट ठेवून सांगितलं होतं तिथेच, त्या टोकदार उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी दाखला लिहिला. त्यात आजाराचं नाव होतं, गोळ्यांचं नाव होतं, आणि झटका खरा आहे, विद्यार्थिनीने काहीही मुद्दाम केलेलं नाही, हे वेगळ्या ओळीत होतं.

"तूप, काढा, जे काही देता ते मला सांगून द्या," त्या दादाला म्हणाल्या. "आणि गोळी एकही चुकायची नाही. बरं वाटलं तरी नाही."

"नाही चुकणार," दादा म्हणाला. निघताना डॉक्टरांनी वहीच्या रकान्यांमागचे ते सात प्रश्न मागितले. लवंगीने तिथेच बसून त्यांना मोठ्या अक्षरात लिहून दिले, आणि खाली न विचारता आठवाही लिहिला. पुढे मी गोळ्यांसाठी गेले तेव्हा तो कागद बोळातल्या भिंतीवर काचेत लावलेला होता. प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा बोट फिरवत तो वाचत होता. मी उगीचच तिथे बराच वेळ उभी राहिले. आबांचे प्रश्न आहेत ते, असं त्याला सांगावंसं फार वाटलं. सांगितलंच.

पण त्याआधीची गोष्ट सांगायची राहिली. दाखला मिळाला त्याच दिवशी आम्ही घरी आलो. दवाखाना बंद होता. दादाने चपला काढल्या, हातपाय धुतले आणि कपाटातून चालू वही काढली. नवीन पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे केलं.

"गादीवर बस," म्हणाला.

"दादा, उगीच काहीतरी काय."

"बस म्हणतो ना. पान तू लिहिणार आहेस. वैद्याला आपल्या घरातलं दिसत नाही, हेही लिही त्यात."

मी गादीवर बसले. चाळीस वर्षं त्या गादीची खोळ मी धुतली होती, बसले पहिल्यांदाच. लवंगीने स्टूल घेतलं, आणि दादा वेताच्या खुर्चीत बसला, साक्षीदाराच्या. वहिनी दारात उभ्या राहिल्या. मी शाळेच्या वहीतून एकेक नोंद उतरवायला लागले. पहिली, चाळणीची, अडतीस. मग दुसरी. जिना. अंगठ्याचं लवंगीने सांगितलं, ते लिहिलं. श्वासांच्या रकान्याशी आले आणि पेन थांबलं.

"ही रिकामीच आहे," मी म्हटलं. "तशीच ठेवते."

लवंगी स्टुलावर वळून बसली. दोन वर्षांपूर्वी जिन्यात विचारलं होतं तसंच तिने बापाला विचारलं.

"बाबा, किती?"

दादा तिच्याकडे बघत होता, सरळ तोंडाकडे. त्याचा हात पोटावर होता, आणि मला एकदम उमगलं की त्या दिवशी जिन्यातही, भिंतीकडे तोंड करून बसलेला असताना, त्याचा हात तिथेच असणार.

"एकेचाळीस," दादा म्हणाला.

मी लिहिलं.